श्यामकांतरावांचा अकरावा नियम

श्यामकांत हर्डीकर यांनी एकोणतीस वर्षं लोकांना नकार कळवला, आणि तोही इतक्या घोटीव इंग्रजीत की नकार मिळालेला माणूस पत्र फाडायच्या ऐवजी जपून ठेवी. दिल्लीत, उद्योगधंद्यांना परवाने देणाऱ्या एका सरकारी खात्यात ते कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. लुधियानाच्या कोणाला सायकलच्या घंटा वर्षाला चाळीस हजारांऐवजी साठ हजार बनवायच्या असत, अलीगढच्या कोणाला कुलपांचा दुसरा कारखाना काढायचा असे. अर्ज श्यामकांतरावांच्या टेबलावर येई आणि ते त्याच्याकडे मुलीकडची माणसं मुलाकडे बघतात तसे बघत. कुठेतरी खोट असणारच. ती सापडली की त्यांचा चेहरा उजळे. मग ते मसुदा लिहायला घेत, आणि त्यांच्या मसुद्यातून मुंगीलाही सुटायला फट नसे. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही पत्राला शुद्धिपत्रक काढावं लागलं नव्हतं. साहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये तसं बोलून दाखवलं, त्या संध्याकाळी श्यामकांतरावांनी घरी येताना सायकल इतकी जोरात मारली की धोतर नेसायच्या काळात असते तर अपघातच झाला असता.

आणि मग एक्क्याण्णव साल आलं. जुलैतल्या एका दिवशी सरकारनं जाहीर केलं की यापुढे बहुतेक धंद्यांना परवाना लागणार नाही. देशभर लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. श्यामकांतरावांनी चष्मा काढून पुसला. ज्याला वाटेल त्यानं वाटेल तितक्या घंटा बनवाव्यात, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. इतक्या घंटा वाजवणार कोण? पण सरकारनं त्यांना विचारलं नव्हतं. पुढची सहा वर्षं त्यांच्या सेक्शनमधून एकच छापील पत्र जात राहिलं: आपल्या उद्योगास परवानगीची आवश्यकता नाही. खाली सही हर्डीकरांची. मटण करणाऱ्या आचाऱ्याला देवळात साखरफुटाणे वाटायला बसवावं, तशी ती सहा वर्षं गेली.

त्यांच्या पत्नी भानुमतीबाई. त्यांचं वर्णन करायचं तर त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवूनच करावं लागेल. लग्नानंतर पहिल्या रविवारी श्यामकांतरावांनी त्यांना लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरपासून सरोजिनी नगरच्या बाजारात नेलं ते कॅरिअरवरून. एका बाजूला दोन्ही पाय, एक हात सीटखालच्या स्प्रिंगला, मांडीवर पिशवी. तीस-बत्तीस वर्षांत पिशव्या बदलल्या, क्वार्टर एका खोलीचं दोन खोल्यांचं झालं, शेजारच्या भालचंद्र वैशंपायनांकडे आधी स्कूटर आणि मग मारुती आली, पण हर्डीकरांची ही बैठक बदलली नाही. भानुमतीबाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट त्यांना एक गोष्ट फार लवकर कळली होती. नवऱ्याशी समोरासमोर बोलण्यात अर्थ नाही, कारण तो समोरच्या माणसाच्या बोलण्यात खोट शोधतो. पाठमोरा असला की मात्र सगळं ऐकून घेतो. तेव्हा मुलाची फी, सासूबाईंचं पत्र, भिंतीची ओल, घरातले सगळे महत्त्वाचे विषय लक्ष्मीबाई नगर ते सरोजिनी नगर या टापूत, कॅरिअरवरून, श्यामकांतरावांच्या पाठीला सांगून निकालात निघाले.

सत्त्याण्णव साली निवृत्ती आली, क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलगा महेश एका परदेशी बँकेची कार्डं विकणाऱ्या कंपनीत होता. त्यानं गुडगावात फ्लॅट घेतला. वसाहतीचं नाव सिल्व्हर मेडोज. तिथे रुपंही नव्हतं आणि कुरणही नव्हतं. मोहरीच्या शेतांच्या मधोमध उभ्या केलेल्या बारा इमारती होत्या, एकशे चव्वेचाळीस फ्लॅट होते आणि गेल्या गेल्या चप्पल भरेल इतकी धूळ होती. बिल्डरनं माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, क्लब, मिनी थिएटर असं पुष्कळ काही रंगवलं होतं. त्यातली एकच गोष्ट त्यानं खरोखर बांधली, आणि ती का बांधली हे त्यालाही सांगता आलं नसतं. ती म्हणजे ट्रॅक.

जुन्या बांधाच्या कडेनं अडीच किलोमीटर गेलेला, लाल-करड्या फरशांचा, देखणा रस्ता. मधून पिवळी रेघ. एका बाजूला फरशीवर चालणाऱ्या माणसाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सायकलचं. दोन्ही टोकांना फाटक, म्हणजे मोटारींना मज्जाव. सकाळी सहा वाजता तिथे पांढरे बूट आणि सलवार-कमीज घातलेल्या बायका हात हलवत चालत. त्या हात इतके हलवत की त्यांच्यामागून चालणारा जपून चाले. निवृत्त माणसं टाळ्या वाजवत चालत, कारण टाळ्यांनी रक्त खेळतं राहतं असं कोणीतरी सांगितलं होतं. पोरं गिअरच्या सायकली दामटत. आणि या सगळ्यांतून, काळी, चोवीस इंची, चेनवर पूर्ण झाकण असलेली सायकल घेऊन श्यामकांतराव जात, कॅरिअरवर भानुमतीबाई.

त्यांना कुठे जायचं असे तेही सांगायला हवं. भानुमतीबाईंचे गुडघे गेले होते. चौथ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली यायच्या, शंभर पावलं टाकायच्या, बस. पहिले आठ महिने त्यांनी घराबाहेर मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. घरातही महेश नि सूनबाई प्रज्ञा दोघं आठला बाहेर पडत ते जेवायलाच परत येत, आणि महेशचं मराठी म्हणजे, ‘आई, टेन्शन मत ले यार, मी करतो मॅनेज.’ मग एके सकाळी श्यामकांतरावांनी त्यांना ट्रॅकच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. तिथे माजी सैनिकांची वस्ती होती. फाटकाजवळ शिसमाखाली सिमेंटचा लांब बाक होता, आणि तिथून आवाज आला, ‘आवं, कानाला बांधा की मफलर, का मी येऊ बांधाया?’

भानुमतीबाई कॅरिअरवरून उतरल्याच. थांबा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही, नि श्यामकांतराव रिकामी सायकल घेऊन पन्नास फूट पुढे गेले.

मफलरवाल्या बाईचं नाव विठाबाई. सुभेदार खंडेराव जगदाळ्यांची बायको, साताऱ्याकडची. तिच्याबरोबर सखुबाई आणि आणखी दोघी. नवऱ्यांच्या बदल्यांपायी अंबाल्यापासून जोरहाटपर्यंत सगळा देश बघून आलेल्या, आणि कुठेही गेल्या तरी आपली भाजी चौघींत बसून निवडणाऱ्या. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहा ते साडेसात भानुमतीबाई त्या बाकावर असत. श्यामकांतराव त्यांना सोडून ट्रॅकवर आणखी दोन फेऱ्या मारत आणि परत न्यायला येत. त्या एका तासावर भानुमतीबाईंचे उरलेले तेवीस तास चालत.

आता नियम.

वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष सभरवाल. करोल बागेत त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि कोणताही प्रश्न बोल्ट पिळून सुटतो असा त्यांचा स्वभाव होता. ट्रॅकवर एका दूधवाल्याच्या सायकलचा कॅन कोणाच्या तरी पांढऱ्या बुटांना लागला. तक्रार आली. सभरवाल श्यामकांतरावांकडे आले.

‘हर्डीकर साब, आप तो गवर्नमेंट के आदमी हैं. दो-चार रूल लिख दीजिए ना ट्रॅक के.’

श्यामकांतराव म्हणाले, ‘प्रयत्न करतो.’ हे ते हिंदीत म्हणाले, पण आवाज असा कापरा आला की भानुमतीबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

आठ वर्षांनी कोणीतरी त्यांच्याकडे नकार मागायला आलं होतं.

पुढचे नऊ दिवस घरात लग्न निघाल्यासारखं झालं. टेबलावर कागद, जुन्या खात्यातल्या नियमावल्या, दोन शब्दकोश. श्यामकांतराव जेवताना एकदम थांबत आणि म्हणत, ‘बकरी.’ प्रज्ञा विचारी, ‘काय बाबा?’ तर म्हणत, ‘बकरी राहिली. प्राण्यांत कुत्रा धरला, बकरी धरलीच नाही.’ आणि हात न धुता उठत. सभरवालांना दोन-चार हवे होते, श्यामकांतरावांनी त्रेचाळीस दिले. मंडळानं टाळ्या वाजवल्या. काहींनी रक्तासाठी वाजवल्या असतील, पण वाजवल्या. नियम फाटकावरच्या फलकावर हिंदीत रंगवले गेले. अंमल एक एप्रिलपासून, कारण सरकारी माणसाचं वर्ष तेव्हाच सुरू होतं.

त्या त्रेचाळिसांतला अकरावा त्यांचा स्वतःचा विशेष लाडका होता. मूळ इंग्रजीची चव येणार नाही, पण मराठीत तो असा: ‘कोणत्याही सायकलीवरून चालकाव्यतिरिक्त अन्य कोणतीही व्यक्ती, प्राणी वा वस्तू, बसवून, उभी करून, टांगून, बांधून अथवा अन्य कोणत्याही रीतीने नेता येणार नाही, मग ती सायकल चालवली जात असो, ढकलली जात असो वा उभी असो, आणि या नियमास कोणाही पदाधिकाऱ्यास तोंडी सूट देता येणार नाही.’ ‘तोंडी’ हा शब्द सुचला तेव्हा ते खोलीत दोन येरझाऱ्या घालून आले होते.

एक एप्रिलला सकाळी फाटकावर रामजतन उभा होता. बिहारचा, वर्षभर जुना गार्ड, श्यामकांतरावांनीच त्याला आठ दिवस बसवून सगळे नियम समजावले होते.

‘बाबूजी, माताजी को उतरना पडेगा.’

श्यामकांतरावांना कळेना. ‘क्यों?’

‘ग्यारह नंबर.’

श्यामकांतराव फलकाकडे वळले. वाचता वाचता आधी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं; वाक्य खरोखरच चांगलं होतं. ‘व्यक्ती’ या शब्दापाशी आल्यावर ते समाधान जागच्या जागी गोठलं. नऊ दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे दूधवाला होता, गॅसचा सिलिंडर होता, तीन तीन बसणारी पोरं होती, बकरी होती. त्या नऊही सकाळी ते भानुमतीबाईंना घेऊन याच ट्रॅकवरून गेले होते. पण भानुमतीबाई ही व्यक्ती आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

‘रामजतन,’ ते म्हणाले, ‘तुमने बिल्कुल ठीक किया.’

भानुमतीबाई उतरल्या. ट्रॅकवर चाळीस पावलं चालून बघितली, दिव्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या, आणि परत फिरल्या. वाटेत काही बोलल्या नाहीत. श्यामकांतराव सायकल हातात धरून शेजारून चालत होते, म्हणजे पाठमोरे नव्हते, त्यामुळेही असेल.

पहिले दोन-तीन दिवस त्यांनी गंमतच केली. गवार निवडताना शेंगांना म्हणायच्या, ‘आज बोलायला तुम्हीच.’ मग गंमत थांबली. गॅलरीत बसायच्या. खाली हात हलवत जाणाऱ्या बायका दिसायच्या, त्यांच्या पलीकडे ट्रॅक वळून झाडीत शिरायचा, तिथपर्यंत बघत बसायच्या. श्यामकांतरावांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं यायची. ‘चहा?’ ‘चालेल.’ ‘भाजी काय?’ ‘आहे ती.’ पस्तीस वर्षं बाहेरून येणारी उत्तरं वाचलेल्या माणसाला एवढं कळत होतं की या उत्तरांना मजकूर नाही.

त्यांनी उपाय शोधले. महेश म्हणाला, ‘अच्छा, एवढंच ना? मी गाडीनं सोडतो.’ रविवारी खरंच निघाला. पण बाहेरून त्या वस्तीला जायचा रस्ता हायवेला लागून नऊ किलोमीटरचा होता, आणि पोचल्यावर वस्तीचं मोठं फाटक बाहेरच्या मोटारींना बंद. तिथून बाकापर्यंत आणखी अर्धा किलोमीटर चालायचं. भानुमतीबाई गाडीतूनच परत आल्या. सायकलरिक्षा आणावी तर ती नियम चौदानं मना केलेली. चाकाची खुर्ची प्रज्ञानं सुचवली. भानुमतीबाई म्हणाल्या, ‘कॅरिअरवर मी बसते. खुर्चीत मला बसवतील. फरक आहे, बाळा.’

मग श्यामकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मसुदा अर्जदाराच्या नजरेनं वाचला, फट शोधत. भानुमतीबाईंना बसवून सायकल नुसती ढकलत न्यावी? ‘ढकलली जात असो.’ जागोजाग उभी करत न्यावी? ‘वा उभी असो.’ रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं असतं, पण साडेनऊलाच कळून चुकलं की फट नाही. हर्डीकर आडवा आला होता. लुधियानाच्या घंटावाल्याला काय वाटलं असेल, हे त्यांना तेव्हा किंचित समजलं.

सभरवालांना विचारल्यावर ते हसले. ‘अरे, आपके लिए कौन-सा रूल? मैं गार्ड को बोल देता हूँ.’

‘तोंडी सूट देता येत नाही,’ श्यामकांतराव हिंदीत म्हणाले.

‘किसने लिखा ये?’

‘मैंने.’

‘हर्डीकर साब, आप आदमी बहुत बढिया हैं,’ सभरवाल म्हणाले, ‘लेकिन यार, थोडे ढीले नट भी चाहिए होते हैं मशीन में.’

त्या आठवड्यात श्यामकांतरावांनी सवलतीची तरतूद लिहून काढली. पुरवणी, अकरा-अ: सभासदाची पत्नी अथवा सभासदाच्या पित्याची पत्नी, वय पंचावन्नच्या वर असल्यास व गुडघेदुखीचा वैद्यकीय दाखला जोडल्यास, प्रातःकाळी सहा ते आठ या वेळेत, इत्यादी. मसुदा झाल्यावर ते दिवाणखान्यात आले. भानुमतीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कामाला येणारी मिनोती फरशी पुसत होती. त्यांनी मसुदा मोठ्यानं वाचला, मग मराठीत अर्थ सांगितला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज चढा लागला होता.

मिनोतीनं फडकं थांबवलं. ‘माताजी, बाबूजी क्या पढे?’

‘लिखा है कि मैं साइकल पर पीछे बैठ सकती हूँ.’

‘और हम लोग?’

भानुमतीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मिनोती पलीकडच्या गावातून यायची. तिची नणंद झर्ना दुसऱ्या इमारतीत काम करायची, तिला सायकल येत नव्हती. एक एप्रिलपर्यंत मिनोती तिला कॅरिअरवर घालून ट्रॅकवरून आणायची. आता दोघी सायकल हातात धरून सगळा ट्रॅक चालत येत, आणि त्यामुळे गेले तीन आठवडे रोज अर्धा तास उशीर होत होता. उशीर श्यामकांतरावांनी नोंदला होता. त्याचं कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

‘तिचा प्रश्न वेगळा आहे,’ ते म्हणाले.

‘वेगळा कसा?’

‘ती सभासद नाही.’

‘मीही नाही. सभासद महेश आहे.’

श्यामकांतरावांचं बोट मसुद्यातल्या ‘सभासदाच्या पित्याची पत्नी’ या शब्दांवर गेलं.

‘हे बघा,’ भानुमतीबाई म्हणाल्या. तीन आठवड्यांत इतकं लांब त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि समोरासमोर बोलत होत्या. ‘मी त्या फाटकातून दाखला दाखवून जायचं, आणि माझ्या मागून ही आली की रामजतननं हिला उतरवायचं. मग मी बाकावर बसून विठाबाईला काय सांगू, माझ्या गुडघ्यांना सही-शिक्का आहे म्हणून? मला नको तुमचं अकरा-अ. मी गॅलरीत बरी आहे.’

‘गॅलरीत तू बरी नाहीस,’ श्यामकांतराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आधी मसुदा न करता म्हटलं होतं. मिनोती उगाच तीच फरशी पुन्हा पुसत राहिली.

मग ते टेबलापाशी गेले, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ‘नियम क्रमांक अकरा वगळण्यात यावा.’ त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात छोटा मसुदा. खाली ‘कारण’ असा रकाना पाडला आणि थांबले.

‘काय लिहिताय?’ भानुमतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

‘अनुभवांती असे आढळून आले आहे की...’

‘कोणाला आढळलं?’

‘असं लिहायची पद्धत असते.’

‘पण आढळलं कोणाला?’

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि परत काढलं. ‘मला,’ ते म्हणाले.

‘मग तसं लिहा.’

त्यांनी लिहिलं, ‘मसुदा करणाऱ्याची चूक झाली.’ ते चार शब्द लिहायला त्यांना बकरीपेक्षा जास्त वेळ लागला. लिहून झाल्यावर हात पुसले, जणू काही सांडलं होतं.

नियम रद्द करायला दोन-तृतीयांश घरांच्या सह्या हव्या होत्या, म्हणजे शहाण्णव. ही अटही त्यांचीच, नियम त्रेचाळीस. कागद घरोघर नेण्याचं काम त्यांनी गार्डवर टाकलं नाही. चूक ज्याची त्यानं न्यायचा, असं त्यांना वाटलं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले.

पहिल्या दिवशी कळलं की नव्या वसाहतीत दार उघडणं हीच एक परवानगी आहे आणि ती सहसा मिळत नाही. कोणी दाराच्या भिंगातून बघून म्हणे, ‘नहीं चाहिए.’ एका बाईंना ते पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेत असं वाटलं. एकांनी कागद वाचून विचारलं, ‘अंकल, ये इशू क्या है ॲक्चुअली?’ श्यामकांतरावांनी पार्श्वभूमीपासून सुरुवात केली. त्या माणसाला ऑफिसची गाडी आली, तो गेला. दोन दिवसांत अकरा सह्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात त्यांनी दमून पार्श्वभूमी सोडून दिली आणि सरळ म्हणाले, ‘मुझे अपनी वाइफ को डबल सीट ले जाना है. मैंने ही गलती से बंद करवा दिया.’ दारातली पंजाबी आजी इतकी हसली की तिला आतून पाणी आणून द्यावं लागलं. मग तिनं सही केली, नातसुनेला करायला लावली, आणि नातसून वेगळ्या घरात राहत नाही म्हणून एक सही बाद झाली.

तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. बेल वाजवायच्या आधीच दारं उघडू लागली. दारात कामवाली, मागे घरमालकीण, हाताला कणीक.

‘हाँ अंकल, दीजिए, कर देती हूँ. इसने सुबह से झाडू नहीं उठाया, बोलती है पहले साइन.’

दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात, सगळीकडे तेच. मिनोतीनं मोठ्या फाटकापाशी, जिथे सगळ्या कामवाल्या सकाळी पास दाखवायला रांगेत उभ्या राहतात, तिथे कागदाची बातमी सोडली होती. त्रेचाळीस नियमांनी वसाहतीला जी शिस्त लागली नव्हती ती एका सकाळी लागली. न घासलेल्या भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढे बँकेचे मॅनेजर, कॉम्प्युटरवाले, एक डॉक्टर, सगळे मुकाट सह्या करत होते. एका घरात तर बाईनं श्यामकांतरावांना खुर्ची दिली आणि मालकाला म्हणाली, ‘पेन ठीक से चलाइए साहब, नाम पूरा लिखिए.’ अपुरी सही बाद होते, हेही त्यांना एव्हाना माहीत झालं होतं.

गुरुवारी दुपारी शहाण्णव पूर्ण झाल्या. श्यामकांतराव थांबले नाहीत. एकशे एकतीसपर्यंत गेले. शेवटची सही सभरवालांची. त्यांनी कागद वाचला आणि आवाज खाली आणला.

‘हर्डीकर साब, ये गलतीवाली लाइन काट दें? एक सौ तीस लोग पढ चुके, ठीक है, लेकिन फाइल में हमेशा के लिए रहेगी. आपकी पोझिशन...’

‘रहने दीजिए,’ श्यामकांतराव म्हणाले. ‘इस कागज में वही एक लाइन है जो बिल्कुल ठीक लिखी है.’

सोमवारी सकाळी फलकावरच्या अकराव्या ओळीवर चुना फासलेला होता. रामजतननं फाटक उघडलं. भानुमतीबाई कठड्यावर पाय देऊन कॅरिअरवर बसल्या. जवळजवळ महिनाभराच्या खंडानं दोघांचीही सवय मोडली होती. सायकलनं पिवळी रेघ ओलांडून चालणाऱ्यांच्या बाजूला एक झोकांडी खाल्ली, हात हलवणाऱ्या दोन बायका बाजूला उडाल्या, आणि मग चाक सरळ झालं. मागून मिनोतीची घंटा वाजली. झर्नाला घेऊन ती सर्रकन पुढे निघून गेली, वळून न बघता, कारण तिला उशीर झाला होता.

भानुमतीबाई सगळा वेळ बोलत होत्या. महिनाभराचं साठलेलं. प्रज्ञाला बढती मिळायची आहे, तिला विचारा, ती आपणहून सांगणार नाही. गॅलरीतल्या कुंडीत कबुतरानं अंडी घातलीत, तिला हात लावू नका. महेशचं वजन वाढतंय. श्यामकांतराव पायडल मारत होते आणि ऐकत होते.

शिसमाखालच्या बाकावरून विठाबाई उभीच राहिली. ‘आलीस का बाई. म्या म्हनलं, गावाला गेली का काय. सुभेदारांना धाडलं हुतं चौकशीला, तर तो गारड म्हनला, माताजींना बंदी हाये. बंदी? काय चोरी केलीस का काय तू?’

भानुमतीबाईंनी बाकावर बसून, गुडघे नीट करून, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. एरवी त्यांना सोडून फेऱ्या मारायला जाणारे श्यामकांतराव त्या दिवशी गेले नाहीत. सायकल झाडाला टेकवली आणि उभे राहिले. बकरीचा भाग आला तेव्हा सखुबाईनं पदर तोंडाला लावला. फाटकावरचा प्रसंग आला तेव्हा चौघींनी एकदम मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

‘मंग काय वो भाऊजी,’ विठाबाईनं विचारलं, ‘माणूस म्हनून मोजलं नाय, जनावर म्हनून नाय, वस्तू म्हनून बी नाय. हिला धरलं हुतं तरी काय तुमी?’

‘त्यांना तोंडी विचारू नका,’ भानुमतीबाई म्हणाल्या. ‘अर्ज करा. लेखी उत्तर येईल.’

बायका हसल्या. श्यामकांतरावही हसतील असं वाटलं होतं, पण ते विचारात पडले होते. प्रश्न त्यांनी खरोखरच विचारार्थ घेतला होता.

‘काहीच धरलं नव्हतं,’ ते शेवटी म्हणाले. ‘धरायला लागतं, हेच लक्षात आलं नाही. मागे आहेच, असं वाटत होतं.’

भानुमतीबाईंनी मांडीवरची पिशवी उचलून पलीकडे ठेवली, जरा सरकल्या, आणि बाकाच्या टोकाला एका माणसापुरती जागा झाली. मग त्या सखुबाईकडे वळून तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं विचारू लागल्या.